शेवटची सफर शोधताना: खलाशांची यादी की 'लॉइड्स लिस्ट'?

ब्रिटिश व्यापारी जहाजावरच्या पूर्वजाचा माग काढताना आधी खलाशांची यादी गाठा. त्यात वय, जन्मगाव, आधीचं जहाज आणि जहाज सोडल्याची तारीख, जागा, कारण असतं: 'बुडाला', 'पळाला'. हाच रकाना खरा मोलाचा. पण शोध जहाजाच्या अधिकृत क्रमांकावर (नोंदणीत प्रत्येक जहाजाला मिळालेला वेगळा क्रमांक) घ्या. एकाच नावाची अनेक जहाजं असत, नुसत्या नावावर भलतीच यादी हाती येते. १८६३ ते १९३८च्या बहुतेक याद्या कॅनडात न्यूफाउंडलंडला आहेत. १८६५, १८७५ अशा ५ने संपणाऱ्या वर्षांच्या लंडनमधल्या ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयाकडे.

'लॉइड्स लिस्ट' या जहाजांच्या ये-जा छापणाऱ्या लंडनच्या वृत्तपत्रात साध्या खलाशाचं नाव सहसा नसतं. जहाज कुठून सुटलं, शेवटचं कुठे दिसलं, हे मात्र तिथे सापडतं. जहाजच बेपत्ता असेल तर सुरुवात इथूनच करा. बातमी उशिरा पोचे, म्हणून पुढचे काही महिनेही चाळा.