घरघंटी घेतल्यावर किराणा खरंच उतरतो का? दिवाळीपासून श्रावणापर्यंत वापरून सांगते

दिवाळीच्या आधी आमच्या अमळनेरच्या घरी घरघंटी आली. तेव्हापासून थंडीतली बाजरी, आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, पाहुण्यांचा राबता आणि आता पावसाळ्यातली दमट हवा, असं सगळं तिने पाहून झालंय. गल्लीतल्या, नात्यातल्या बायका विचारतात, पैसे वाचतात का गं? वाचतात. पण घरघंटी विकणारा दुकानदार सांगतो तिथे वाचत नाहीत.

दुकानदार दळणाचे पैसे मोजून दाखवतो. तेच आधी मोजू या. घरात आम्ही सहा माणसं. गहू, दादर (आमच्याकडची ज्वारी), बाजरी, डाळी धरून महिन्याला ४५ किलोच्या आसपास दळण निघतं. इथे चक्कीवर किलोला ६ रुपये घेतात, म्हणजे २७० रुपये. घरघंटीची मोटर एक एचपीची, म्हणजे तासाला पाऊण युनिट. गहू बारीक जाळीवर तासाला साधारण सात किलो उतरतो. महिन्याला पाचेक युनिट जळतात, आणि सगळे आकार धरून आमच्या स्लॅबला युनिट १२ रुपयांच्या घरात पडतं. ६० रुपये वीज वजा केली की हातात उरतात २१०. यंत्र पडलं १६ हजाराला. निव्वळ दळणावर ते फिटायला सव्वासहा वर्षांहून जास्त लागतील, आणि त्यात जाळ्या आणि दुरुस्ती धरलेली नाही. एवढ्याच हिशोबावर कोणी घेणार असेल, तर चक्कीवालाच बरा.

खरी बचत आहे ती पाकिटं बंद झाली त्यात. आधी बेसन पाकिटातलं यायचं, १२० रुपये किलो. आता हरभऱ्याची डाळ ८५ ला आणते, उन्हात दोन तास टाकते आणि लागेल तेवढीच दळते. तीन किलोवर शंभर रुपये सुटतात. आणि चव? वाटाण्याचं पीठ मिसळलेलं बेसन खाऊन सवय झालेल्या जिभेला घरच्या बेसनाचं पिठलं पहिल्यांदा खाताना वेगळंच लागतं. तांदळाचं पीठ, नाचणीचं पीठ, भाजणी, थालीपिठाचा भरडा, हे अर्ध्या अर्ध्या किलोचे पुडे किराण्याच्या यादीतून गेले. चक्कीवाला अर्धा किलो नाचणी दळून देत नाही, आणि दिलीच तर आधीच्याचं पीठ त्यात मिसळून येतं. म्हणून आपण पुडा घेतो. शिवाय १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळ-पिठावर ५ टक्के जीएसटी आहे, सुट्या धान्यावर तो नाही. पावसाळ्यात दळणाला जाणं व्हायचं नाही म्हणून पाच किलोची आट्याची पिशवी यायची, तीही थांबली. हे सगळं धरून महिन्याला साडेपाचशेच्या आसपास वाचतात. म्हणजे अडीच वर्षांच्या आत यंत्राचे पैसे निघतील.

हिशोबात न बसणारी दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. घरात काय शिजतं, तेच बदललं. पावसाळ्यात गिलकी-भेंडीचे भाव शंभरी पार करतात तेव्हा आम्ही चार दिवस भाजी बाजाराकडे फिरकत नाही. कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, वर कच्चं तेल आणि कांदा. कळणं मी चार वाट्या दादरला एक वाटी अख्खे काळे उडीद असं धरते. आमच्याकडे मीठ दळतानाच टाकायची पद्धत आहे, पण यंत्राच्या पत्र्याला मीठ लागू नये म्हणून मी ते भाकरी मळताना टाकते. कळणं जास्त दिवस ठेवलं की उडदाचा वास उतरतो आणि पीठ कडवटतं. आता आठवड्यापुरतंच दळते. पाटोडीच्या, म्हणजे बेसनाच्या वड्यांच्या, रश्शाला पाव किलो बेसन सहा माणसांना पोटभर होतं, म्हणजे वीस-बावीस रुपयांची डाळ आणि घरचा काळा मसाला. डुबुकवडे, म्हणजे रश्शात सोडलेले बेसनाचे गोळे, त्याहून स्वस्त. आपल्या खान्देशी स्वयंपाकात भाजी नसताना करायचे पदार्थ इतके आहेत, फक्त पीठ ताजं आणि हाताशी हवं.

बट्टीचं पीठ तर मी चक्कीवर कधीच सोडणार नाही आता. गव्हात चौथा हिस्सा मका घालायचा आणि जाड जाळी लावायची. पीठ रवाळ निघतं, हाताला बारीक रव्यासारखं टोचतं, आणि बट्टी वाफवून तळली की आतून मोकळी होते. चक्कीवर दर वेळी 'जाड काढा हो' सांगूनही कधी पीठ बारीक यायचं आणि बट्टी चिवट व्हायची.

पण सगळंच यात होत नाही. आखाजीला खापरावरच्या पुरणपोळ्या, म्हणजे मांडे करायचे तर गहू ओलवून दळायला लागतात. ओलसर गहू या यंत्रात टाकला की जाळीची छिद्रं बुजतात. त्यासाठी आम्ही चक्कीवरच गेलो आणि पुढेही जाऊ. शेंगदाणे, तीळ असं तेलकट काही चालत नाही, चिकटून बसतं. पावसाळ्यात उडीदसुद्धा दमट असतो. कढईत जरा गरम करून, पूर्ण थंड करून मगच टाकावा.

पीठ गरम निघतं ही तक्रार खरी आहे. मोटर जोरात फिरते, दाणा आपटून फुटतो, त्यामुळे पहिल्यांदा डबा उघडला की वाफ हाताला लागते. सासूबाई एकच सांगतात, "पीठ गरम शे, जराखं थांब." परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्यायचं आणि मगच डब्यात भरायचं. तसंच झाकलं तर आत घाम धरतो आणि पीठ लवकर खराब होतं. भाकरीच्या पिठाचा चिकटपणा चक्कीच्या दगडावरच्या पिठाइतका येत नाही, हेही सांगितलं पाहिजे. दादर बारीक जाळीवर काढली आणि उकळतं पाणी घालून मळली की भाकरी थापताना कड फुटत नाही.

आवाज मोठा आहे. दुपारी शेजारची लहान मुलं झोपलेली असतात, म्हणून मी सकाळीच लावते. एप्रिल-मे मध्ये संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा मोटर गुरगुरते आणि बंद पडते. तेव्हा हट्टाने पुन्हा पुन्हा चालू करू नये. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यायचं, पत्र्याचं यंत्र आहे. उन्हाळ्यात एकदा स्विच बिघडला आणि कंपनीचा माणूस यायला तीन आठवडे लागले. फोनवर रोज 'उद्या' ऐकायला मिळायचं. तीन आठवडे दळण डोक्यावर घेऊन चक्कीवर जावं लागलं. तालुक्याच्या गावात दुरुस्ती कोण करतो हे विचारूनच कंपनी ठरवावी. यंत्राच्या रंगावर जाऊ नये.

धान्य स्वच्छ हवंच. खडा गेला की जाळी वाकते. आमच्याकडे गहू मार्च-एप्रिलमध्ये ओळखीच्या शेतकऱ्याकडून वर्षाचे भरतो, तेव्हा भाव पडलेला असतो. चैत्रातल्या कडक उन्हात दोन दिवस वाळवायचे, चाळायचे, पाखडायचे, आणि वाळलेला कडुलिंबाचा पाला थरात घालून कोठीत. घरघंटीचा फायदा या वर्षाच्या धान्यासोबतच मिळतो. दर आठवड्याला पाच-पाच किलो गहू दुकानातून आणून दळणाऱ्याला तो निम्मासुद्धा मिळणार नाही.

सफाईचं म्हणाल तर दळण झालं की आतली चेंबर ब्रशने झाडते आणि मागची कापडी पिशवी उलटी करून झटकते. पाच मिनिटांचं काम आहे, पण पावसाळ्यात काही दिवस राहून गेलं तर कोपऱ्यात अळ्या धरतात.

दोघांचं घर असेल, किंवा भाकरी क्वचितच होत असेल, तर घेऊ नका. पाच-सहा माणसं, रोज भाकरी-पोळी, घरात धान्याची कोठी आणि लहान मुलांना नाचणी लागत असेल, तर जरूर घ्या. घेतानाच बारीक आणि बट्टीची जाड अशा दोन जास्तीच्या जाळ्या मागून घ्या. नंतर त्या मापाच्या जाळ्या इथे शोधून मिळत नाहीत, जळगावहून मागवाव्या लागतात.