घरी जोडलेला मोर्स डिकोडर : काही महिन्यांच्या वापरानंतर

नाशिकच्या इंदिरानगरला आमच्या घरी रविवारी हॅम (हौशी रेडिओ) परवान्याची तयारी करणारी मुलं जमतात. त्यांच्यासाठी उन्हाळ्याआधी मोर्सचे सूर ऐकून पडद्यावर अक्षरं दाखवणारा हा डिकोडर जोडला आणि तेव्हापासून तो सतत वापरात आहे. आता माझं मत पक्कं झालंय : मोर्स ऐकायला शिकताना तो बाजूला ठेवावा; मोर्स की, म्हणजे संदेश पाठवायची कळ, चालवायला शिकताना मात्र त्याच्याशिवाय बसू नये.

सामान थोडंच लागतं. आर्डुइनो नॅनो, छोटा ओलेड डिस्प्ले, एक कपॅसिटर, दहा किलोओहमचे दोन रेझिस्टर. एम. जी. रोडवर सगळं मिळालं, हजाराच्या आत. आधी माइक मॉड्यूल लावलं होतं, पण पंख्याची घरघर आणि पोरांच्या गप्पाही त्यात शिरायच्या. म्हणून रेडिओच्या इअरफोन जॅकमधून थेट वायर घेतली. नॅनोला शून्य ते पाच व्होल्टच समजतात; ते दोन रेझिस्टर इनपुटला मधोमध, अडीच व्होल्टवर धरून ठेवतात.

प्रोग्राम गोअर्ट्झेल पद्धतीवर चालतो. सगळा आवाज न तपासता मोर्सचा ७०० हर्ट्झचा सूर किती जोरात आहे, एवढंच तो बघतो. सेकंदाला आवाजाचे साधारण नऊ हजार नमुने, आणि एका वेळी शंभर. म्हणजे दर ११ मिलिसेकंदांनी एक निकाल. मिनिटाला २० शब्दांच्या वेगाला डिट (मोर्सचा ठिपका, म्हणजे छोटा सूर) ६० मिलिसेकंदांचा असतो, तेव्हा हे पुरतं. नमुने कमी घेतले की शेजारच्या स्टेशनचा सूरही आत येतो, जास्त घेतले की डिटच्या कडा पुसट होतात.

स्टेशन जोरात आणि प्रेषक सफाईदार असेल तर ७ मेगाहर्ट्झवरचा मजकूर छान उमटतो. पण मे महिन्यात त्र्यंबककडे वळवाचे ढग जमले की स्क्रीनभर नुसते ई आणि टी. साहजिकच आहे, विजेचा छोटा कडाका म्हणजे एक डिट, म्हणजेच ई; लांबला तर एक डा (लांब सूर), म्हणजेच टी. त्याच खरखरीत सरावलेला कान कॉलसाइन (स्टेशनचं ओळखनाव) बरोबर वेचून काढतो. आणि समोर अक्षरं उमटत असली की मुलं ऐकतच नाहीत, वाचतात. म्हणून ऐकण्याच्या सरावाला आमच्याकडे डिस्प्ले पालथा असतो.

कीच्या सरावाला तो सुलटा होतो आणि खरी मजा इथे आहे. की बझरला जोडलेली, हवेत काहीच जात नाही, त्यामुळे परवाना हातात नसतानाही मनसोक्त सराव करता येतो. ‘सीक्यू’ (कोणीही उत्तर द्या, अशी हाक) पाठवताना मधेच हात रेंगाळला की अक्षरं तुटतात आणि पडद्यावर ‘एनएन एमए’ येतं. ए आणि एन घाईने चिकटवले की दोन्ही मिळून पी होतो. मी कितीही वेळा ‘अंतर सांभाळा’ म्हटलं तरी जे पटत नव्हतं, ते त्या एका पी ने पटलं. अकरावीतली एक मुलगी तर आता माझ्याकडे बघतही नाही. पडद्यावर चुकीचं अक्षर आलं की स्वतःच पुन्हा पाठवते.

फक्त वेग आपोआप ओळखण्याची सोय बंद ठेवा. ती प्रेषकाच्या वेड्यावाकड्या तालाशी जुळवून घेते, म्हणजे चूक झाकते. मी हॅम परवान्याच्या जनरल ग्रेडच्या परीक्षेचा, मिनिटाला आठ शब्दांचा वेग कायम केलाय : डिट १५० मिलिसेकंद, डा ४५०, दोन अक्षरांत ४५०, दोन शब्दांत १०५०. ही मापं पाळली तरच मजकूर नीट उमटतो.

एक अडचण अजून आहे. फार्न्सवर्थ पद्धतीत अक्षरं वेगात आणि मधली अंतरं लांब असतात, त्यामुळे डिकोडर प्रत्येक अक्षराला वेगळा शब्द समजतो. त्यासाठी अंतराची मर्यादा वाढवणारं एक बटण बसवतोय. दिवाळीच्या सुट्टीत मुलंच ते सोल्डर करणार आहेत.