गेंगार, शॅन्डेलूर की मिमिक्यू? टीममधली भुताची एक जागा

पोकेमॉनच्या व्हिडिओ गेममध्ये लढायची टीम बांधताना घोस्ट टाईपसाठी, म्हणजे भूत प्रकारच्या पोकेमॉनसाठी, एकच जागा ठेवली, की बहुतेकांची गाडी या तीन नावांवर येऊन अडते. तिघांनाही नॉर्मल आणि फायटिंग प्रकारच्या मूव्ह (चाली) लागत नाहीत. तिघांनाही दुसऱ्या भुताचा मार दुप्पट बसतो. सारखेपणा एवढाच. निवड करताना मी एकच गोष्ट बघतो: ज्या टर्नला (फेरीला) आपला अंदाज चुकेल, त्या टर्नला हे भूत टिकेल का?

गेंगार इथे सपशेल नापास होतो, आणि तरीही सगळ्यांना तोच हवा असतो. 1996 पासूनचा गडी आहे. बेस (प्रजातीचा मूळ आकडा) स्पीड 110, स्पेशल अटॅक (‘स्पेशल’ गटातल्या हल्ल्यांची ताकद) 130. शॅडो बॉल आणि स्लज बॉम्ब या मूव्ह हाताशी असल्या की समोरच्याला बिनधास्त उभं राहणं कठीण होतं. गोम आहे ती एचपी (जीव) 60 आणि डिफेन्स 60 मध्ये. लेव्हल 50 ला, आयव्ही (जन्मजात गुण) पूर्ण पण एचपीत ईव्ही (सरावाने मिळवलेले गुण) शून्य, असा गेंगार 135 एचपीचा असतो. अटॅक पूर्ण वाढवलेल्या गारचॉम्प या पोकेमॉनचा ग्राउंड प्रकारचा अर्थक्वेक सिंगल्समध्ये (एकास एक लढतीत) त्याला कमीत कमी 258 चा दणका देतो. एका फटक्यात जवळपास दोन गेंगार.

गंमत म्हणजे हा अर्थक्वेक त्याला पूर्वी लागतच नव्हता. लेव्हिटेट या अॅबिलिटीमुळे (अंगभूत शक्तीमुळे) ग्राउंडच्या मूव्ह खालून निघून जायच्या. 2016 च्या सन आणि मून या गेममध्ये लेव्हिटेट गेलं आणि कर्स्ड बॉडी आली. म्हणजे मार खाल्ल्यावर ती मूव्ह बंद पडण्याची 30 टक्के शक्यता. माझ्या अंगात जुनी सवय इतकी मुरली होती, की नव्या गेममध्ये अर्थक्वेक येणार हे बरोबर ओळखून मी मोठ्या ऐटीत गेंगार आत आणला. अंदाज अचूक, गेंगार आडवा.

ग्राउंडशिवाय सायकिक, डार्क आणि घोस्ट या त्याच्या बाकीच्या दुखऱ्या जागा. त्यात डार्कचा सकर पंच जास्त छळतो, कारण तो स्पीडला जुमानत नाही. तुम्ही हल्ल्याची मूव्ह निवडली की तो आधी बसतो. समोर डार्क-स्टील टाईपचा किंगॅम्बिट असेल, तर गेंगारच्या फोकस ब्लास्टने त्याला चौपट इजा होते, पण तो ब्लास्ट मारायला गेलात की सकर पंच खाल्लाच म्हणून समजा. त्यापेक्षा विल-ओ-विस्प किंवा सब्स्टिट्यूट अशी थेट हल्ला नसलेली मूव्ह करा. तुम्ही हल्ला केलाच नाहीत, तर सकर पंच फुकट जातो. हा डाव दोन-तीन टर्न रंगतो आणि खरं सांगायचं तर गेंगार खेळण्यातली सगळी मजा त्यातच आहे. मात्र सकर पंच नसेल आणि ब्लास्टवरच भिस्त ठेवायची असेल, तर तो 70 टक्केच लागतो, हे विसरू नका. फोकस सॅश (सोबत बाळगायची वस्तू) दिला तर पूर्ण एचपीवर असताना एक घातक फटका 1 एचपीवर निभावतो. मी तरी सॅशशिवाय गेंगार आणत नाही.

शॅन्डेलूरचं गणित वेगळं. जांभळ्या ज्योतींच्या या झुंबराचा स्पेशल अटॅक 145, गेंगारपेक्षा वरचढ. डिफेन्स आणि स्पेशल डिफेन्स दोन्ही 90. फ्लॅश फायर अॅबिलिटी असेल आणि फायरची मूव्ह येणार हे ओळखून त्याला आत आणलंत, तर इजा शून्य आणि त्याच्या स्वतःच्या फायर मूव्ह दीडपट. अंदाज बरोबर आला तर इतका घसघशीत मोबदला या तिघांत दुसरं कोणी देत नाही. स्टील टाईपवाल्यांची तर वाफ होते.

पण स्पीड 80. पूर्ण वाढवून आणि नेचरही (एखादा आकडा वाढवणारा स्वभाव) स्पीडचं घेऊन लेव्हल 50 ला 145 होतो. तसाच वाढवलेला गेंगार 178 ला असतो. शॅन्डेलूरला स्पीड वाढवणारा चॉइस स्कार्फ दिला तर तो 217 पर्यंत जातो, पण मग एकाच मूव्हला बांधला जातो. नाहीतर जोडीदाराकडून ट्रिक रूम लावून घ्यायची, म्हणजे हळू असलेल्याची चाल आधी होते. वर कमजोऱ्या पाच: वॉटर, ग्राउंड, रॉक, घोस्ट, डार्क. मैदानात स्टेल्थ रॉक (आत येणाऱ्याला टोचणारे दगड) पडलेले असतील, तर नुसतं आत येतानाच पाव एचपी जातो. थोडक्यात, हे भूत एकट्याने चालत नाही. ते निवडलंत तर टीममधल्या आणखी एक-दोन जागा त्याच्या सोयीने ठरतात.

मिमिक्यूचे आकडे बघून कोणी भुलणार नाही. सगळ्या बेस आकड्यांची बेरीज 476, तिघांत सगळ्यात कमी. अटॅक 90, स्पीड 96. पण कमजोऱ्या फक्त दोन, घोस्ट आणि स्टील. डार्कचा मार साधा बसतो आणि ड्रॅगनचा लागतच नाही. खरी करामत डिस्गाईज या अॅबिलिटीची. पहिला फटका पिकाचूसारख्या त्या बुरख्यावर जातो, बुरख्याची मान लटकते, आणि मिमिक्यूचा एचपी फक्त एक अष्टमांश कमी होतो. मधल्या वेळात तुम्ही सोर्ड्स डान्स करून अटॅक दुप्पट केलेला असतो. पुढे शॅडो स्नीक आहेच. पॉवर 40 ची, पण आधी लागणारी, त्यामुळे जखमी शत्रू कितीही वेगवान असला तरी सुटत नाही. मोल्ड ब्रेकर ही अॅबिलिटी असलेले डिस्गाईज जुमानत नाहीत, आणि एका टर्नला अनेकदा लागणाऱ्या मूव्हचा पहिला घाव बुरखा फाडतो, पुढचे अंगावर येतात. तेवढं सांभाळायचं.

नव्याने ऑनलाइन खेळायला लागला असाल तर मिमिक्यू घ्या. एक चूक ते पदरात घेतं. शॅन्डेलूर टीम शून्यापासून बांधायची तयारी असेल तरच. समोरच्याच्या चाली वाचता येऊ लागल्या की गेंगारकडे वळा. फक्त स्कार्लेट-व्हायोलेट या गेममध्ये खेळत असाल, तर मिमिक्यू आहे तसं पकडता येतं, लॅम्पेंटचा शॅन्डेलूर व्हायला डस्क स्टोन पुरतो, हॉन्टरचा गेंगार व्हायला मात्र ट्रेड (दुसऱ्या खेळाडूशी अदलाबदल) लागतो. तेव्हा आधी असा मित्र शोधा, जो तयार झालेला गेंगार परत देईल.