सबटायटल एडिट आठ महिने वापरल्यावर: बेळगावातल्या छोट्या स्टुडिओचा अनुभव

आधीच सांगते, आमचा स्टुडिओ म्हणजे शहापुरात घराच्या माडीवरची एक खोली, दोन कॅमेरे आणि एक लॅपटॉप, ज्याचा पंखा मे महिन्यात पिठाच्या गिरणीसारखा वाजतो. शूटिंग नवरा करतो, एडिटिंग माझ्याकडं. काम बहुतेक लग्न, मुंज, शाळेचं गॅदरिंग, शिवजयंतीचे चित्ररथ. कॅप्शन, म्हणजे व्हिडिओत बोललेलं खाली लिहून दाखवायचं, ही भानगड आमच्या गावीच नव्हती.

ती आली उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीमुळं, म्हणजे लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्यामुळं. कामगारांसाठी सेफ्टीचा १४ मिनिटांचा व्हिडिओ होता, शूट झालं, एडिट झालं, आणि मॅनेजर म्हणाले, "मॅडम, आवाज चांगला आहे हो, पण शॉपवर मशिनं चालू असली की काय ऐकू येतंय? खाली लिहून पायजे, मराठीत आणि कन्नडमध्ये." मी म्हटलं त्यात काय, टाइप तर करायचं. एडिटिंग सॉफ्टवेअरमध्येच एकेक टायटल टाकत बसले आणि १४ मिनिटांना चार दिवस गेले. पाचव्या दिवशी त्यांनी मधला एक शॉट काढायला सांगितला आणि पुढची सगळी अक्षरं सहा सेकंद सरकली. त्या रात्री घरात कुणी माझ्याशी बोललं नाही, बरंच झालं.

मग महिन्याचे पैसे घेणारी एक वेबसाइट दोन महिने वापरली, नाव लिहीत नाही. कन्नड तिला धड जमत नव्हतं आणि मी बंद केलंय असं समजून बसले तरी तिसऱ्या महिन्याचे डॉलर कार्डावरून गेले. त्यानंतर सबटायटल एडिट, हे कॅप्शन लिहायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, डेन्मार्कच्या निकोलाय ओल्सन यांनी सुरू केलेलं. दिसायला जुन्या सरकारी ऑफिसातल्या कॉम्प्युटरसारखं, बटणंच बटणं, पहिल्या दिवशी मी दोनदा बंद करून परत उघडलं. पण सवय झाली की हात बसतो. खाली आवाजाची लाट दिसते, बोलणं कुठं सुरू झालं कुठं थांबलं ते डोळ्यांनी कळतं, त्या लाटेवर माऊसनं ओढायचं आणि वाक्य लिहायचं. आणि ज्यासाठी मी रडले होते ते काम, म्हणजे मधला शॉट काढल्यावर पुढचं सगळं मागं घेणं, ते एका मेनूत होतं. ह्या एकाच गोष्टीसाठी मी त्याला पाच स्टार देईन.

ह्याच्याच आत व्हॉइस टू टेक्स्टचं मॉडेल, म्हणजे बोललेलं ऐकून आपोआप टाइप करणारं एआय, जोडता येतं, नेट नसलं तरी आपल्या लॅपटॉपवर चालतं, आणि सगळे मला विचारतात ते ह्याचंच, म्हणून जरा सविस्तर लिहिते. स्टुडिओत नीट बोललेलं पुस्तकी मराठी असेल तर बरंच बरोबर येतं, मान्य. पण फाउंड्रीच्या व्हिडिओत सुपरवायझर म्हणतोय "हात लावू नका" आणि खाली आलंय "हात लावून का". एक जोडलेला न आणि अर्थ गायब, तेपण वितळलेल्या लोखंडाशेजारी. भट्टीची भक्ती झाली, लेडलची (लोखंड ओतायच्या भांड्याची) लेडी झाली, त्याचं हसू आलं, पण ह्या "नका"ला मी घाबरलेच. तेव्हापासून माझा नियम आहे, नको, नका, नाही, शिवाय आकडे, हे शोधून प्रत्येक जागी परत ऐकायचं, वाचून नाही भागत, कारण चुकलेलं वाक्यपण वाचताना गुळगुळीत वाटतंय. आणि जिथं कुणी बोलतच नाही, नुसता ग्राइंडरचा आवाज आहे, तिथं हे मॉडेल आपल्या मनानं "धन्यवाद, धन्यवाद" लिहून ठेवतं. कुणी कुणाचे आभार मानले देव जाणे.

आमच्याकडच्या बोलण्यात तर त्याची पार दांडी उडते. आम्ही काय पुण्यासारखं बोलतोय होय? "काय करूलास", "जाऊलोय की" हे त्याला कळत नाही, जाऊलोयचं जावळ करून टाकलं एकदा. वर मराठी बोलता बोलता माणूस मधेच "साकू" म्हणतो, "स्वल्प थांब" म्हणतो, आणि ते कन्नड शब्द देवनागरीत असे काय येतात की मलाच कोडं पडतं. खानापूर, निपाणी, चिकोडी कुठंही शूट केलं तरी हे आहेच. पहिल्यांदा मी सगळं शुद्ध करून लिहायचे, "जात आहे", "पुरे". पण कॅप्शन म्हणजे जे बोललं तेच दिसायला पाहिजे ना, आजी "स्वल्प" म्हणाल्या तर खालीपण स्वल्पच पाहिजे, घरचे लोक आजीचं बोलणं म्हणून बघणार आहेत, मराठीचा पेपर म्हणून नाही. आता मी तसंच ठेवते. कन्नड मला बोलता येतं पण टायपिंगमध्ये मी कच्ची, म्हणून कन्नड फाइल कॉलेजातली एक मुलगी तपासते, तिचे पैसे वेगळे.

देवनागरीचं अजून एक दुखणं. ओळीत साधारण ४२ अक्षरं, एका वेळी दोनच ओळी, आणि सेकंदाला किती अक्षरं वाचून होतील ह्याची मोजणी असते, जास्त झालं की ओळ लाल होते. आता "विद्यार्थ्यांनी" हा शब्द बघा, आपल्या डोळ्याला चार अक्षरं, पण काना, मात्रा, हलन्त सगळे सुटे धरून मोजले तर १५ भरतात. त्यामुळं माझी अर्धी फाइल उगाच लाल दिसायची आणि मी बिचारी वाक्यं कापत बसायचे. मग सेटिंगमध्ये मर्यादा वाढवली आणि शेवटचा निकाल सासूबाईंवर सोडला. त्यांनी चष्मा लावून आरामात वाचलं तर पास.

सेव्ह करताना एन्कोडिंग, म्हणजे फाइलीत अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ-८ आहे का बघा, नाहीतर सगळ्या मराठीची प्रश्नचिन्हं होतात. आणि क्लायंट जुन्या डीटीपी फॉन्टमधली स्क्रिप्ट देतात, ती युनिकोड, म्हणजे सगळीकडं सारखी दिसणारी मराठी, नसते, कॉपी केली की नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ येते, ती आधी बदलून घ्या किंवा सरळ परत टाइप करा.

बंद कॅप्शन आणि छापलेलं कॅप्शन ह्यातला फरक मलापण ह्या धंद्यात पडल्यावरच कळला. बंद म्हणजे वेगळी फाइल, बघणाऱ्यानं चालू-बंद करायची, यूट्यूबला ती एसआरटी नावाची फाइल चढवली की झालं. पण आमचं गिऱ्हाईक व्हिडिओ पाठवतंय व्हॉट्सअॅपवर, तिथं एसआरटी कोण उघडणार, मग चित्रावरच छापून द्यावं लागतं. फाउंड्रीत मराठी आणि कन्नड दोन्ही एकदम छापून बघितलं, चार ओळी झाल्या आणि कामगाराचे हात दिसेनात, आणि सेफ्टीच्या व्हिडिओत हातच तर बघायचे असतात. वर त्यांच्या ऑफिसातल्या एकानं विचारलं की कन्नड ६० टक्के लागेल काय. तो कर्नाटकातला २०२४ चा नियम दुकानाच्या पाट्यांचा हो, ह्याचा काय संबंध. शेवटी दोन वेगळे व्हिडिओ दिले आणि विषय संपला.

नियमांचं म्हणाल तर आपल्याकडं २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्याच्या ४२व्या कलमात क्लोज कॅप्शनिंगचं नाव घेऊन सांगितलंय. पण लग्नाच्या व्हिडिओला विचारायला कोण येतंय? खरा धडा मिळाला तो अमेरिकेच्या कामातून. ओळखीतून तिथल्या एका सरकारी विद्यापीठासाठी खानापूरच्या कुंभारकामावर २२ मिनिटांचा व्हिडिओ केला, निवेदन इंग्रजी, कारागीर मराठी. त्यांनी आधीच लिहून दिलेलं, डब्ल्यूसीएजी २.१ ची, म्हणजे वेबसाइट दिव्यांगांना वापरता यावी म्हणून केलेल्या निकषांची, डबल-ए पातळी पाहिजे. तिकडं एप्रिल २०२४ मध्ये सरकारी संस्थांच्या वेबसाइटसाठी तसा नियम आलाय. शिवाय ९९ टक्के अचूक पाहिजे. ऐकायला भारी वाटतं, पण दहा मिनिटांत तेराशे शब्द बोलले गेले तर ९९ टक्क्यांतसुद्धा तेरा चुका बसतात, आणि त्यातली एक जरी "नका"ची असली तर? मला त्यापेक्षा तिकडच्या एफसीसीचे, म्हणजे टीव्ही-रेडिओवर देखरेख करणाऱ्या सरकारी आयोगाचे, २०१४ चे चार निकष पटले: अचूक पाहिजे, बोलण्याच्या वेळेला पाहिजे, पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिजे, आणि चित्रातलं महत्त्वाचं झाकायला नको. मी आता हेच भिंतीवर चिकटवलंय.

तो व्हिडिओ तिथल्या टीव्ही चॅनलवर पण लावायचा होता, म्हणून एससीसी नावाची जुन्या पद्धतीची कॅप्शन फाइल मागितली. त्यात ओळीला ३२च अक्षरं, आणि देवनागरी चालत नाही, आमचं इंग्रजी होतं म्हणून सुटलो. पण आमचा कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेमचा, त्यांना २९.९७ पाहिजे, आणि तिथं वेळ मोजायच्या दोन पद्धती असतात, ड्रॉप फ्रेम की नॉन ड्रॉप, ते मी चुकीचं निवडलं. तासाला ३.६ सेकंदांचा फरक पडतो, २२ मिनिटांना जवळजवळ सव्वा सेकंद. सुरुवात अगदी बरोबर, शेवटी ओळ आणि ओठ वेगळे. मी फक्त पहिली दोन मिनिटं तपासून पाठवलेलं, परत आलं. आता पहिला, मधला आणि शेवटचा मिनिट बघितल्याशिवाय काही पाठवत नाही.

हिशोब सांगायचा तर आधी १४ मिनिटांना चार दिवस लागले, आता तेवढंच काम एका दिवसात होतं, कन्नड सोडून. टायपिंग वाचलं, ऐकणं मात्र एक मिनिटही वाचलेलं नाही, उलट मशीनवर संशय म्हणून जास्तच ऐकते. लोक म्हणतात एआय करतंय मग पैसे कसले, तर ह्या ऐकण्याचे. मिनिटाला मराठीचे ६० रुपये लावते, कन्नडचे ९०, आणि बिलात वेगळी ओळ असते. पहिले तीन महिने एडिटिंगमध्येच धरलं, मूर्खपणा केला. लॅपटॉपवर तासाभराच्या रेकॉर्डिंगला ते मॉडेल दोन-अडीच तास घेतं, म्हणून रात्री लावून झोपायचं, मधे लाइट गेली तर सकाळी परत.

मागच्या महिन्यात वडगावच्या एका लग्नाचा व्हिडिओ कॅप्शन घालून दिला. नवरीच्या काकांना लहानपणापासून ऐकू येत नाही, म्हणून तिनंच सांगितलेलं. मी जिथं गाणं होतं तिथं सगळीकडं "संगीत" असं एकच लिहून मोकळी झाले होते. काकांनी बघून वहीवर लिहून दिलं, सनई होती की डॉल्बी? आणि मागून कोण बोललं त्याचं नाव का नाही? आता नावं घालते, आवाजांची यादीपण वेगळी केलीय, सनई, डॉल्बी, ढोलताशा, हशा, कुकरची शिट्टी. त्यांचा व्हिडिओ परत करून दिला, त्याचे पैसे नाही घेतले.