रबाळे एमआयडीसीतलं सँडब्लास्टिंग: जुन्या पिकअपची चासी तिथे दिली, त्याचा रिव्ह्यू

सरळ मुद्द्यावर येतो. घरी जुनी गाडी बनवताय आणि चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, ग्राइंडरने घासून घासून हात भरून आलेत, तर रबाळेच्या या युनिटला चासी बिनधास्त द्या. सँडब्लास्टिंग म्हणजे हवेच्या जोराने बारीक कण मारून गंज आणि जुना रंग उडवायचा. दरवाजे आणि छप्पर मात्र देऊ नका, आणि हे मी नाही म्हणत, तिथले मालकच म्हणतात. माझ्याकडून ५ पैकी ४. एक मार्क का कापला ते पण खाली लिहितो.

आधी गाडी सांगतो म्हणजे काम काय होतं ते कळेल. महिंद्राची एफसी-१५० पिकअप, १९७२ची, माझ्या सासऱ्यांची. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल, गाडीला नाकच नाही, ड्रायव्हर पुढच्या चाकांवर बसतो आणि इंजिन दोन सीटच्या मधे डब्याखाली. अमेरिकेत विलीजने १९५६ मधे काढलेली, आपल्याकडे महिंद्राने १९६५ पासून बनवायला घेतली. व्हीलबेस फक्त ८१ इंच, म्हणजे साध्या जीपएवढाच, आणि तरी मागे सहा फुटी हौदा बसवलाय, ज्याने कोणी हे डिझाइन जमवलं त्याला खरंच मानलं पाहिजे. इंजिन २.२ लिटरचं हरिकेन पेट्रोल, इनटेक वाल्व हेडमधे आणि एक्झॉस्ट वाल्व ब्लॉकमधे अशी जुनी रचना, ते माझ्याकडे उघडून पडलंय, त्यावर आत्ता लिहीत नाही.

सासऱ्यांची पालघरकडच्या वाडा गावात भाताची गिरणी होती आणि ही गाडी आयुष्यभर पोती, कोंडा आणि तूस वाहत राहिली. कोंडा-तूस हौद्याच्या फटीतून खाली गळतं, चासीच्या आडव्या मेंबरवर साचतं, पावसात भिजतं आणि मग कधीच पूर्ण वाळत नाही, आणि त्याच्याखाली लोखंड वर्षानुवर्ष शांतपणे खाल्लं जातं. ठाण्यात बाळकुमला आमच्या अंगणात हौदा उतरवला तेव्हा चासीवर काळा थर होता, खरवडला तर खाली गंजाचे पापुद्रे, नखाने निघत होते. ग्राइंडरला लावायच्या तारेच्या कप ब्रशने सपाट भाग होतो हो, पण पाट्यांच्या (स्प्रिंगच्या पट्ट्यांच्या) हँगरच्या मागे, रिबटांच्या भोवती, चासीच्या सी आकाराच्या पट्टीच्या आतल्या कोपऱ्यात ब्रश जातच नाही, आणि नेमका गंज तिथेच असतो. वरवर चकचकीत करून रंग मारला तर दोन पावसाळ्यात फुगून वर येणार, खाडीकाठच्या हवेत तर अजून लवकर.

एमआयडीसीत आधी दुसऱ्या एका ठिकाणी गेलो होतो. तिथे म्हणे सगळं आणून टाका, चासी केबिन दरवाजे, एका दिवसात पांढरं करून देतो, आणि रेट पण कमी. पण उघड्यावर चक्क नदीची वाळू मारत होते आणि मारणाऱ्या पोराच्या तोंडाला साधा रुमाल. वाळूची ती बारीक धूळ फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. माझी गाडी साफ करायला कोणाची छाती खराब व्हावी हे मला नको होतं, तिथून निघालो.

हे दुसरं युनिट आतल्या गल्लीत आहे, पत्र्याची शेड, बाहेर बोर्ड नाही, मोठ्या कंपन्यांच्या टाक्या आणि पाइपांचं जॉबवर्क करतात. गाड्यांचं काम मधेमधे घेतात. बंद खोलीत ब्लास्टिंग, मारणाऱ्याला बाहेरून हवा येणारं हेल्मेट, आणि वाळू नाही, स्टील ग्रिट (पोलादाचे टोकदार दाणे) आणि कॉपर स्लॅग (तांबं गाळताना उरणारी खडी). मालक साठीचे आहेत, सगळे काका म्हणतात.

काकांना मी मोबाइलवर फोटो दाखवले आणि म्हटलं केबिनपण करायची आहे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "दादा, दरवाज्याचा पत्रा किती जाडीचा?" मी म्हटलं मोजलाय, जेमतेम १ मिलिमीटर. म्हणाले, "मग तो माझ्याकडे आणू नका. माझं मशीन टाक्यांसाठी आहे. असल्या प्रेशरने सपाट पत्र्यावर मारलं तर तो ताणून फुगतो, आणि एकदा फुगला की डेंटरचा बाप आला तरी पहिल्यासारखा होत नाही."

धंदेवाला माणूस समोरून आलेलं काम नाकारतोय आणि कारण सांगतोय, मला तिथेच विश्वास बसला. आणि कारण बरोबर आहे. लोकांना वाटतं पत्रा गरम होऊन वाकतो, ते थोडं खरं पण मुख्य गोष्ट म्हणजे ग्रिटचा प्रत्येक दाणा पृष्ठभागावर हातोडीचा बारीक ठोका मारतो, एका बाजूचं लोखंड ठोकलं जाऊन पसरतं आणि दुसरी बाजू आहे तशीच, म्हणून पत्रा बाहेर येतो, नंतर दाबला की टपटप वाजतो. चासीसारख्या जाड मालाला याने काही होत नाही. दरवाजे आणि छपराला त्यांनी पेंट रिमूव्हर लावून पत्रीने खरवडा, कोपऱ्यात फॉस्फोरिक ऍसिडवालं रस्ट कन्व्हर्टर वापरा असं सांगितलं, मी तेच केलं आणि एकदम छान झालं, फक्त वेळ लागतो. जुन्या रंगात शिसं असतं तेव्हा कोरडं घासू नका आणि चांगला मास्क लावा, घरात लहान मुलं असतील तर अंगण नंतर ओल्या फडक्याने पुसा, झाडू नका.

तर मग फक्त चासी, आडवे मेंबर, बंपर आणि बॅटरीचा ट्रे दिला. न्यायला टाटा ४०७ टेम्पो केला, छोट्या हत्तीत चासी मावत नाही. कळवा, विटावा, ऐरोली असा रस्ता. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पावसात पाणी भरतं हे ठाणेकरांना सांगायला नको, पण तसंही हे काम पावसाळ्यात करूच नका, कारण पुढे येतंय.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा रिव्ह्यू लिहायला बसलो ती. चासी नंबर. जुन्या गाडीचा नंबर चासीवर ठोकलेला असतो, पन्नास वर्षांच्या गंजाने आधीच उथळ झालेला, त्याच्यावर ग्रिट मारली की गेला. आणि आरटीओत पासिंगला त्याच नंबरची पेन्सिलची छाप लागते. नंबर वाचता आला नाही तर तुम्ही गाडीवर कितीही पैसे घाला, कागदावर ती गाडी तुमची आहे हे सिद्ध करताना जीव जाईल. मी घरून निघायच्या आधी छाप आणि फोटो घेऊन ठेवले होते, पण काकांनी न सांगता विचारलं नंबर कुठे आहे, आणि पोराने तिथे आधी टेप, त्यावर रबराचा तुकडा, त्यावर परत टेप असं बांधलं. ती जागा नंतर मी घरी ब्रास ब्रशने हाताने साफ केली. ज्या ब्लास्टिंगवाल्याला या प्रश्नाचा अर्थ कळत नाही त्याच्याकडे गाडीची चासी देऊ नका, मग तो कितीही स्वस्त असू दे.

दुसरी गोष्ट, ब्लास्टिंग झाल्यावर लगेच प्रायमर न मारता त्यांनी मला व्हॉट्सॅपवर फोटो पाठवले. मागच्या डाव्या पाट्याच्या हँगरपाशी चासीला तडा, आणि त्याच्यावर कोणीतरी फार पूर्वी पट्टी ठोकून वेल्डिंग केलेलं. वरून काळ्या थराखाली काहीच दिसत नव्हतं. ब्लास्टिंगचा खरा फायदा मला हा वाटतो, रंग नीट बसतो ते तर आहेच, पण गाडीचं खरं काय ते समोर येतं, कुठे तडा, कुठे पातळ झालंय, कुठे जुनी जोडणी, सगळं राखाडी लोखंडावर स्पष्ट. काका म्हणाले इथे चारी बाजूला दोन इंच कोरं सोडतो, वेल्डिंग करून घ्या मग तुम्हीच प्रायमर लावा. प्रायमरवरून वेल्डिंग केलं असतं तर जोड पण कच्चा आणि धूर पण विषारी. घरी आणून तड्याच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरची भोकं पाडली म्हणजे तो पुढे सरकत नाही, जुनी पट्टी कापून काढली, व्ही आकाराची खाच घेतली आणि वेल्डिंग मात्र ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्या दादाकडून करून घेतलं, ७०१८ नंबरचे वेल्डिंग रॉड, गरम करून वाळवलेले. पाट्याचा हँगर म्हणजे गाडीचं सगळं वजन जिथे येतं ती जागा, तिथे शिकाऊ हात नको.

प्रायमरचं. ब्लास्ट केलेलं लोखंड उघडं असतं आणि आपल्या हवेत ते काही तासात पिवळं पडायला लागतं, नुसत्या दमटपणाने, पाण्याचा थेंब न लागता. नियम असा आहे की हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रंग मारायचाच नाही, आणि लोखंडाचं तापमान दवबिंदूच्या किमान ३ अंश वर हवं. जून ते सप्टेंबर ठाणे-नवी मुंबईत हे जमवणं किती अवघड ते तुम्हीच बघा. म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी. इथे सकाळी ब्लास्टिंग आणि त्याच दिवशी दोन हात टू-के (दोन डबे मिसळून मारायचा) एपॉक्सी प्रायमर, शेडमधे आर्द्रता मोजायचं मीटर लावलेलं आहे आणि ते बघून काम करतात हे मी स्वतः पाहिलं. साधा रेड ऑक्साइड मारून नका घेऊ, तो ओलावा आत जाऊ देतो, त्याच्यावर लगेच टॉप कोट नसेल तर पैसे पाण्यात. एपॉक्सीच्या डब्यावर पुढचा कोट किती वेळात मारायचा ते लिहिलेलं असतं, ती वेळ टळली तर आधी २२० नंबरच्या पेपरने हलकं घासून मगच वरचा रंग.

पावडर कोटिंग करून देऊ का असं पण विचारतात. दिसायला सुंदर, पण चासीला मी नको म्हणतो. कुठे दगड लागून टवका उडाला की त्याखाली गंज सरकत जातो आणि वरून कळत नाही, आणि दुरुस्ती घरी होत नाही, परत भट्टी. रंग असेल तर तेवढाच भाग घासून ब्रशने मारता येतो. रिम, बंपर, ब्रॅकेट यांना पावडर चालेल.

आता तक्रारी. चासीचा जो भाग बंद पेटीसारखा आहे त्याच्या आत ग्रिट तशीच राहिली होती. घरी चासी उलटी केली तर भरभरून पडली. ही ग्रिट आत ओलावा धरून ठेवते, नंतर बेअरिंगमधे किंवा ब्रेक ड्रममधे गेली तर अजून वाट. मेव्हण्याच्या कॉम्प्रेसरने प्रत्येक भोकातून हवा मारून काढली आणि मग आत कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे गंज रोखणारं मेण, फवारलं. हे काम युनिटने करून द्यायला हवं होतं, एक पोरगा अर्धा तास, बस. दुसरं, बोल्टच्या आट्यांमधे प्रायमर भरला. आधी रबरी बूच लावायला सांगितलं होतं, लावले नाहीत. लक्षात ठेवा ही गाडी मूळ अमेरिकन, आटे इंचाचे, यूएनएफ आणि यूएनसी, मेट्रिक टॅप (आटे साफ करायचं हत्यार) घालाल तर आटे कायमचे जातील. इंची टॅप जवळपास कुठे मिळाला नाही, शेवटी मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळाला. तिसरं, दिलेल्या तारखेला माल तयार नव्हता, कंपनीचं मोठं काम आलं की आपलं मागे पडतं, आणि फोन करून सांगत नाहीत, आपणच विचारायचं. ४०७वाल्याला पक्की वेळ देऊ नका. या सगळ्याचा मिळून एक मार्क गेला.

पैसे. चासी, आडवे मेंबर, दोन बंपर, ट्रे, ब्लास्टिंग आणि दोन हात एपॉक्सी धरून १४ हजार, जायचं-यायचं भाडं वेगळं. मला हे महाग वाटलं नाही. ग्राइंडर, डिस्क, ब्रश, रिमूव्हर यांचे पैसे आणि रविवार धरले तर घरी करून पण फार वाचत नाही आणि एवढं साफ तर होतच नाही. बोलताना एसए अडीच म्हणा, ते साफसफाईचं माप आहे, जवळजवळ पांढरं लोखंड, त्यांना लगेच कळतं आणि कामात चालढकल होत नाही.

काहीजण म्हणतील एवढं कशाला, हरियाणातल्या डबवालीहून नवीन बॉडी-चासी मागव. साध्या जीपची तिकडे मिळते, खरंय, आणि बनवतात पण छान. पण नवी चासी घातली की कागद वेगळे आणि गाडी वेगळी, आणि मला सासऱ्यांची पोती वाहिलेली हीच गाडी परत रस्त्यावर बघायची आहे, सासरे ऐंशीच्या पुढे आहेत आणि रोज विचारतात कुठपर्यंत आलं.

जाणाऱ्यांसाठी: शुक्रवारी बंद असतं. माल देताना तेल-ग्रीस पूर्ण धुऊन द्या, डिझेल आणि मग डिटर्जंटने, नाहीतर ग्रिट तेलात चिकटते आणि ते जास्त पैसे लावतात. बुश, शॅकल पिन, ब्रेकच्या नळ्या, ग्रीस निपल सगळं घरीच काढून घ्या. बूच स्वतःच लावून न्या, त्यांच्यावर सोडू नका. रिम द्यायचे असतील तर टायर-ट्यूब उतरवूनच न्या, तिथे टायर काढायची सोय नाही.