रानरेड्यासाठी गोळी: एकसंध तांब्याची की शिसं जोडलेली?

रायफल कोणती, हा प्रश्न तुम्ही बहुधा सोडवलेला आहे. .३७५ हॉलंड अँड हॉलंड घेतली असेल, नाहीतर .४१६ रिग्बी. एक १९१२ ची, दुसरी १९११ ची, आणि शंभर वर्षांनंतरही आफ्रिकेतल्या रानरेड्यासमोर दोन्ही कमी पडत नाहीत. नामिबियात रेडा, हत्ती अशा जनावरांसाठी नळीच्या तोंडाशी किमान ५४०० ज्यूल ऊर्जा मागतात. ३०० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी नेहमीच्या वेगाने सोडली तर .३७५ सुद्धा ती अट पार करते. तेव्हा कॅलिबरवर मी वेळ घालवत नाही. माणसं अडतात ती पुढच्या पायरीवर: काडतुसाच्या टोकाला काय बसवायचं? मी चार मोसमांत दोन्ही प्रकार वापरले आणि शेवटी एकावर स्थिरावलो. तुमची परिस्थिती वेगळी असेल तर निर्णयही वेगळा येऊ शकतो, हे मनात ठेवून वाचा.

साधी सॉफ्ट, म्हणजे तांब्याच्या पातळ कवचात नुसतं शिसं ओतलेली गोळी, इथे विचारातच घेऊ नका. ती हरणासाठी उत्तम. पण रेड्याच्या खांद्यावर वाळलेल्या चिखलाचा थर, त्याखाली जाड कातडी, मग हाड आणि एकमेकींवर चढलेल्या रुंद बरगड्या. तिथे अशी गोळी वरच्यावर फुटून विखुरते. १९४६ साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात जॉन नॉस्लर या शिकाऱ्याला चिखलाने माखलेल्या मूसवर, म्हणजे तिकडच्या अवाढव्य सांबरासारख्या जनावरावर, हाच अनुभव आला, आणि त्यातून गोळीच्या मधोमध तांब्याची आडवी भिंत ठेवण्याची कल्पना निघाली. पुढची बाजू भिंतीपर्यंत उमलते, मागची तशीच राहून आत रेटत जाते. आज आपण ज्याला चांगली गोळी म्हणतो तिची सुरुवात तिथली.

आता उरतात दोन घराणी. पहिलं एकसंध तांब्याचं: शिसं अजिबात नाही, टोकाला पोकळी, आत शिरताच चार पाकळ्या उलगडतात. बार्न्स कंपनीने १९८९ मध्ये आणलेली एक्स आणि २००३ मधली टीएसएक्स ही त्याची ठळक उदाहरणं. दुसरं घराणं कवचाला शिसं पक्कं जोडलेल्या गोळ्यांचं. त्यात ट्रॉफी बाँडेड बेअर क्लॉ येते, वुडलीची वेल्डकोअर येते, आणि भिंत व जोड दोन्ही असलेली स्विफ्ट ए-फ्रेम येते.

आधी तांब्याच्या बाजूने बोलतो, कारण तिच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. इतकी एकसारखी वागणारी गोळी मी दुसरी पाहिली नाही. हाड लागो न लागो, ती सरळ जाते आणि वजन जवळजवळ घालवत नाही. रेडा तिरका, आपल्यापासून दूर तोंड करून उभा असेल तर गोळीला छातीपर्यंत पोचण्याआधी पोटातून जावं लागतं, आणि तिथे ओला चारा ठासून भरलेला असतो. हा चारा गोळीला ओल्या वाळूसारखा थांबवतो. अशा कोनात तांब्याची गोळी जोडलेल्या गोळीपेक्षा खोल जाते, यात मला तरी शंका नाही. शिवाय शिसं नसल्याने मांसात कण राहत नाहीत. शिकारीचं मांस आसपासच्या गावांत वाटलं जातं, उरलेल्या आतड्यांवर गिधाडं बसतात. दोघांच्याही पोटात शिसं जाऊ नये असं कोणालाही वाटेल. कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीसाठी शिशाची गोळी पूर्ण बंद आहे, त्यामागे कंडोर गिधाडांचं मोठं कारण होतं. हा मुद्दा तुमच्यासाठी सर्वांत वरचा असेल तर पुढचं वाचून मन बदलू नका.

तिच्या छोट्या अडचणी लवकर सांगून टाकतो. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि काडतुसात दारूची जागा खाते. यावर उपाय सोपा आहे: एक पायरी हलकी घ्या, .३७५ मध्ये २७० ग्रेन, .४१६ मध्ये ३५०. नळीत तांबं जरा जास्त बसतं, साफसफाईला वेळ लागतो. जुनी दुनळी रायफल असेल तर मात्र कारागिराला विचारल्याशिवाय एकसंध गोळी घालू नका. त्या नळ्या मऊ गोळीच्या हिशोबाने बनलेल्या असतात.

यातल्या एकाही कारणाने मी तांबं सोडलं नाही. सोडलं ते ती पलीकडे निघते म्हणून.

नामिबियाच्या झांबेझी प्रांतात, २०१३ पर्यंत ज्याला काप्रीवी म्हणत तिथे, नदीकाठी बोरूचं उंच रान असतं. रेडे दिवसभर त्यात. दुसऱ्या मोसमात एक म्हातारा रेडा बोरूच्या कडेला आडवा उभा सापडला, साठ-सत्तर पावलांवर. तिवईवर रायफल टेकवली. पीएचने, म्हणजे सोबतच्या व्यावसायिक शिकाऱ्याने, दुर्बिणीतून मागचं रान पाहिलं, मीही पाहिलं. बोरूशिवाय काही दिसत नव्हतं. गोळी खांद्यामागे अगदी जागेवर बसली. रेडा धडपडत चाळीस पावलं गेला आणि पडला. त्याच्याजवळ पोचल्यावर आमचा माग काढणारा पागी मात्र त्याच्याकडे बघतही नव्हता. तो बोरूत वाकून एका पानावरचं रक्त बोटाने पुसत होता, आणि ते रक्त आमच्या रेड्याच्या वाटेवरचं नव्हतं.

मागे एक म्हैस होती. गोळी रेड्याच्या दोन्ही फुप्फुसांतून जाऊन तिला लागली होती, पोटाच्या मागच्या भागात, पाकळ्या उघडलेल्या, वेग बराचसा उतरलेला. लगेच मरण्याइतकी खोल नाही, बरी होण्याइतकी वरवरचीही नाही. तिचा माग आम्ही दुपारभर काढला. बोरूच्या रानात जखमी म्हशीमागे जाणं म्हणजे चार पावलांपलीकडे काही न दिसता चालणं. पागी पुढे, त्याच्या दोन्ही बाजूंना आम्ही दोघे, दर काही पावलांवर थांबून ऐकायचं. सूर्य कलताना ती सापडली, उभीच होती. तिला दोन गोळ्या घालून संपवावं लागलं. बहुतेक ठिकाणी जखमी केलेलं प्रत्येक जनावर परवान्यात धरलं जातं, आणि तेच योग्य आहे. पण मला ते पैशांचं दुःख कधी वाटलं नाही. त्या पाच तासांत ती म्हैस कुठेतरी उभी राहून श्वास घेत होती, हे अजून विसरता येत नाही.

त्या गोळीला दोष देता येणार नाही. ती ज्यासाठी बनवली होती तेच तिने केलं. पण रेडा हा कळपात राहणारा प्राणी आहे, आणि दोन्ही बाजूंनी आरपार जाणारी गोळी घेऊन कळपाजवळ गेलं की तुम्ही एका जनावराचा निर्णय घेत नसता. तिसऱ्या मोसमात मी तांबंच वापरलं, पण मागे काही नाही याची पूर्ण खात्री होईपर्यंत चाप ओढायचा नाही असं ठरवून. एकदा तिवईवर दीड तास उभा राहिलो. कळप सरकत होता, चांगला रेडा सतत कुणाच्या तरी पुढे किंवा मागे. वारा फिरला आणि सगळे गेले. त्या दिवशी गोळी न झाडल्याचं समाधान आहे, पण आपल्या हातातलं साधन जागेला साजेसं नाही, हेही त्याच दिवशी पटलं.

चौथ्या मोसमात ए-फ्रेम घेतली, .३७५ साठी ३०० ग्रेनची. ती पुढून रुंद छत्रीसारखी फुलते, मूळ व्यासाच्या दुपटीच्या आसपास, आणि मधली भिंत मागचा भाग सांभाळते. छत्री रुंद असल्याने शरीरात वेग लवकर उतरतो. आडव्या उभ्या रेड्यात ती सहसा पलीकडच्या बरगड्या ओलांडते आणि जाड, लवचिक कातडीखाली अडकते. माझ्या तीन रेड्यांपैकी दोघांत ती तिथेच सापडली, तिसऱ्यात खांद्याच्या हाडापलीकडे मांसात. तीनच जनावरांवर नियम मांडणं धाडसाचं होईल, हे कबूल. पण मी ज्यांच्यासोबत हिंडलो त्या पीएच मंडळींचं म्हणणंही याहून फार वेगळं नव्हतं. परिणामाच्या बाबतीत मला तर ती तांब्यापेक्षा थोडी वरचढच वाटली. रेडा गोळी खाऊन ज्या तऱ्हेने आखडतो आणि पुढचा पाय टाकताना चुकतो, ते तांब्याच्या वेळी तितकं जाणवलं नव्हतं. याला मोजमाप म्हणत नाही, डोळ्यांना दिसलं ते सांगतो.

तिची उणीवही खरी आहे. पळून जाणाऱ्या जखमी रेड्याला मागून मारायचं तर पोटातल्या चाऱ्यापुढे तिचं चालत नाही. म्हणून मॅगझिनमध्ये वर एक ए-फ्रेम आणि खाली सॉलिड, म्हणजे अजिबात न फुलणारी टणक गोळी, हा जुनाच क्रम मी पाळतो. पहिली गोळी कळपात, म्हणून थांबणारी. पुढच्या गोळ्यांच्या वेळी कळप निघून गेलेला असतो, म्हणून खोल जाणाऱ्या. मात्र दोन वेगळ्या गोळ्या एकाच जागी लागतीलच असं नाही. माझ्या रायफलीत पन्नास मीटरवर दोघींत तीन बोटांचं अंतर पडतं, तेवढं चालतं. तुमच्या रायफलीत वीतभर पडत असेल तर दुसरा सॉलिड शोधा. आणि सॉलिड सपाट तोंडाचा घेतलात तर तो हाडातून सरळ जातो हे खरं, पण बोल्ट जोरात ढकलल्यावर त्याची कड मॅगझिनपुढच्या उतारावर अडकते का, ते घरी, पूर्ण भरलेल्या मॅगझिनने, वेगात पुन्हा पुन्हा तपासा. हळू बोल्ट ओढून तपासलेलं काही कामाचं नाही.

हत्तीसाठी या तुलनेचा उपयोग नाही. तिथे पहिल्यापासून शेवटपर्यंत सॉलिड. सिंहाची कातडी पातळ आणि अंग रेड्याच्या मानाने हलकं, त्याच्यासाठी लवकर फुलणारी जोडलेली गोळीच बरी, तिथे मी फार विचार करत नाही.

तुम्ही एकटे हिंडणारे, चिखलात लोळणारे म्हातारे रेडे, ज्यांना तिकडे डग्गा बॉय म्हणतात, त्यांच्याच मागे जाणार असाल, मोकळं रान असेल, तर तांबं घ्या. मी अडवणार नाही, आणि गिधाडांचाही विचार होईल. कळपात, झाडीत किंवा बोरूत जाणार असाल तर माझं मन दुसरीकडे झुकतं. जोडलेली गोळी आहे म्हणून मागे म्हैस दिसत असताना चाप ओढायचा, असं मात्र मी कधीच म्हणणार नाही. दिसणारं जनावर तुमच्या निर्णयात असतं. प्रश्न न दिसणाऱ्याचा आहे.

गेल्या मोसमात पुन्हा त्याच नदीकाठी होतो. रेडा आडवा, मागे बोरू, पीएचने पाहिलं, मी पाहिलं, काही नव्हतं. ए-फ्रेम पलीकडच्या कातडीखाली सापडली, पागीने सुरीने उचलून माझ्या तळहातावर ठेवली, अजून कोमट. मग तो सवयीने मागच्या बोरूत शिरला आणि काही वेळाने हाक मारली. दहा-बारा पावलांवर ओल्या मातीत ताजे खूर उमटले होते, एक मोठा जोड आणि शेजारी पारडाचा लहान. दोघांच्या पळण्याची वाट सरळ पाण्याकडे गेली होती. आम्ही ती शंभर पावलं तपासली. कुठेही रक्त नव्हतं.