मेणवलीतला घरगुती मुक्काम: चार रात्री, तीन लेख आणि एक डुगडुगतं टेबल

आधी व्यवहाराचं सांगते. वाईपासून तीनेक किलोमीटरवर, मेणवलीत, नाना फडणविसांच्या वाड्यापासून पाच मिनिटं चाललं की एक कौलारू घर लागतं. घरच्यांनी वरचा मजला पाहुण्यांसाठी काढलाय. खोल्या दोनच. नाष्टा आणि दोन्ही वेळचं जेवण धरून माणशी रोजचे १८०० रुपये. घराचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि मी तिथल्या वहिनींच्या हातचं मीठ खाल्लंय.

मी वसईची. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले आणि आता आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे पॅरिशच्या, मासिकात लिहिते. ईस्टरआधीच्या उपवासकाळासाठी फादरांनी चार लेख मागितले होते, विषय ‘प्रवासात भेटलेला देव’. राखेचा बुधवार, म्हणजे त्या काळाचा पहिला दिवस, तोंडावर आला तरी कागद कोरा. घरात नातवंडं, दारात भाजीवाला, डोक्यावर टीव्ही. तेवढ्यात भाचीने ही जाहिरात दाखवली: ‘लेखक-कलावंतांसाठी शांत जागा, नदीकडे तोंड करून टेबल.’ टेबल या शब्दाला मी भुलले.

दादरहून पुण्याला रेल्वेने गेले. अशा प्रवासात मला नेहमी कवी रेव्हरंड ना. वा. टिळक आठवतात. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यातल्या एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती बायबलचा नवा करार ठेवला आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मराठी ख्रिस्ती लेखकाला रेल्वेचा डबा म्हणजे अर्धं तीर्थक्षेत्रच. मला मात्र कर्जतपर्यंत टेकायला कोपराएवढी जागासुद्धा कुणी दिली नाही. पुढे स्वारगेटहून एसटीने, बायकांच्या अर्ध्या तिकिटात, खंबाटकीचा घाट चढून सुरूर फाट्यावरून वाई गाठली. वाई म्हणजे मराठी विश्वकोशाचं गाव. म्हटलं, इथल्या पाण्यात तरी शब्द असतील.

आता तक्रारी. ‘टेबल’ म्हणजे शिवणयंत्राचा जुना लोखंडी सांगाडा आणि त्यावर फळी. एक पाय आखूड. ‘अ’ लिहिला की त्याचा काना नदीकडे पळायचा. गरम पाणी सात ते आठ, आठ वाजून पाच मिनिटांनी नाही म्हणजे नाही. जिन्यात दिवा नाही. आणि शांतता? सकाळी सहाला नदीच्या घाटावर लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी हजर. नवरीचा घेर पायऱ्यांवर पसरलेला, डोक्यावर ड्रोनची भुणभुण. बुकिंग सांभाळणाऱ्या मुलाला विचारलं तर म्हणाला, “मॅडम, जाहिरातीत शांत लिहिलंय, ते दुपारी असतं.” खरं बोलला, दुपारी असतं.

पहिल्या दिवशी दुपारी ज्वारीची भाकरी, घेवड्याची आमटी आणि ठेचा पोटात गेला आणि मी चार तास गाढ झोपले. जाग आली तेव्हा दिवस वाया गेल्याची चिडचिड झाली. संध्याकाळी पुन्हा ताट, पुन्हा झोप. दुसऱ्या दिवशी पहाटे बायबलातला एलिया संदेष्टा आठवला. ईजबेल राणीच्या भीतीने पळालेला, रानात झुडपाखाली मरण मागत पडलेला. देवदूत येतो तो उपदेश करत नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याचं भांडं पुढे करतो. एलिया खातो आणि पुन्हा झोपतो. दूत परत येतो, परत खायला घालतो. होरेबच्या डोंगरावरचा तो मंद, हळुवार आवाज पुष्कळ पुढचा. आम्ही प्रवचनात थेट त्या आवाजावर उडी मारतो, भाकर गाळून. पहिला लेख तिथेच झाला. त्यात वहिनींचं नाव नाही, पण भाकरी त्यांचीच आहे.

शुक्रवारी त्यांनी अंड्याची पोळी विचारली. मी म्हटलं, आज चालत नाही, उपवासकाळ आहे. त्या म्हणाल्या, “तुमचा शुक्रवार होय? आमचा सोमवार.” आणि शेंगदाण्याची आमटी टाकायला गेल्या. आंतरधर्मीय संवादावरच्या किती परिषदांना मी सतरंजीवर बसलेय, पण इतक्या लवकर कधीच आटपलं नव्हतं.

आता घंटेचं. जाहिरातीत तिचा उल्लेखही नाही, आणि ही माझी सगळ्यात मोठी तक्रार. वसईच्या कुणालाही मेणवली ठाऊक असते ती हिच्यामुळे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली, तेव्हा किल्ल्यातल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून वर देशावर नेल्या. कुठल्या कुठल्या देवळांत त्या लागल्या. त्यातली एक मेणवलीच्या घाटावर आहे. पंचधातूची, १७०७ सालची, अंगावर बाळ येशूला घेतलेली मरियामाता. माझे वडील वाडीत केळीच्या बागेला पाणी सोडताना म्हणायचे, “आपली घंटा तिकडे कृष्णेवर आहे.” आपली. लहानपणी मला वाटायचं, कुणीतरी जाऊन मागून आणायला हवी.

दुसऱ्या दिवशी मी गेले. जोडपी पांगली होती. पिंपळाची पानं पायऱ्यांवर, पाण्यावर एक खंड्या. घंटेवरची मरियामाता बोटभर उंचीची असेल, झिजलेली. मी हात लावला आणि ‘नमो मरिया’ म्हटलं. वाजवायचा धीर झाला नाही. आमच्याकडे संध्याकाळच्या घंटेला वडील उभ्या जागी टोपी काढायचे. ही घंटा कुणाकुणासाठी वाजली असेल, पोर्तुगिजांसाठी, मग शिवशंकरासाठी, आणि आई मात्र तेच लेकरू कडेवर घेऊन लटकलेली. रात्री जेवताना वहिनींनी विचारलं, “आमच्या घाटावरची घंटा बघितली का?” ‘आमची’ हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. “बघितली,” म्हटलं आणि भाकरी मोडली. दुसरा लेख याच्यावर आहे, आणि तो अजूनही मला पुरता पटलेला नाही.

मधल्या दिवशी एक मोह झाला. फेब्रुवारीत वाईकडे हळद निघते. शेजारच्या शेतात कायलीत हळद शिजत होती, कच्चट मातकट वास थेट खोलीत. खणून काढलेली, उकळलेली, वाळवलेली, घासलेली, तेव्हा कुठे पिवळी. दुःखातून श्रद्धा! अर्ध्या तासात तीन पानं लिहून झाली, टेबल न हलता. वाचली आणि लाज वाटली. हळद शिजवणाऱ्या बाईला धुराने खोकला लागला होता, तिच्याबद्दल त्या तीन पानांत एक अक्षर नव्हतं. निसर्गातून धडे काढताना माझं हे नेहमी होतं, धडा आधी ठरतो आणि निसर्ग त्याला चिकटवला जातो.

तिसरा लेख वहिनींच्या नातीने दिला. ती घाटावर बोट पाण्यात बुडवून पायरीवर नाव लिहीत होती. उन्हामुळे दुसरं अक्षर होईतो पहिलं वाळायचं. ती हसून पुन्हा लिहायची. येशूने काही लिहिल्याचं शुभवर्तमानात एकाच प्रसंगी आहे, योहानाच्या आठव्या अध्यायात, व्यभिचाराच्या आरोपावरून दगडमारासाठी धरून आणलेल्या बाईसमोर वाकून, बोटाने, जमिनीवर. काय लिहिलं, ते कुणी टिपलं नाही. धोंडे घेतलेले हात तेवढे रिकामे झाले. मी बराच वेळ त्या पोरीशेजारी बसले. तिने मलाही नाव लिहायला लावलं.

चौथा लेख झाला नाही. फादरांना तसं कळवलंय.

तर पाचपैकी चार तारे. एक गरम पाण्याचा आणि जिन्याचा मिळून कापलाय. टेबलाचा कापत नाही. जायचं तर नदीकडची खोली मागा, बॅटरी न्या, शनिवार-रविवार टाळा, नाष्ट्याला पोहे नको म्हणून आदल्या रात्रीच सांगा म्हणजे थालीपीठ मिळतं. टेबलाच्या आखूड पायाखाली कागदाची जाड घडी घालून आलेय, आता ते हलत नाही. घडी काढू नका. तीन पानं आहेत, हळदीवरची.